पुसलेली कडा

क्ष-किरणांच्या फिल्मवर उमटते ती शरीराची सावली. छातीच्या पुढचे, मधले आणि मागचे सारे अवयव तीत एकावर एक पडून एकाच पातळीत सपाट झालेले असतात. हृदयामागे दडलेले फुफ्फुस, फुफ्फुसावरून गेलेल्या बरगड्या, बरगड्यांवरचे स्नायू व कातडी ही सर्व एकाच करड्या पटावर मिसळून जातात, आणि त्या मिसळणीतून रोगाचे तेवढे नेमके वेगळे काढावयाचे, हे काम ज्याच्याकडे सोपविलेले असते त्याला निसर्गाने दिलेले डोळे पुरे पडत नाहीत. विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्ट्सबर्ग येथील आपल्या प्रयोगशाळेत हे किरण प्रथम आढळले, आणि त्याच वर्षीच्या २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताची हाडे बोटातल्या अंगठीसह काचेवर उमटविली, तेव्हा देहाचे अंतरंग आता उघडे झाले असेच जगाला वाटले. मोडलेल्या हाडापुरते आणि शरीरात रुतलेल्या गोळीपुरते ते खरेही होते. परंतु डॉक्टर मंडळी छातीच्या व पोटाच्या फिल्म वाचू लागली, तेव्हा एकाच फिल्मपुढे उभे राहिलेले दोन जाणते वैद्य दोन वेगळ्या गोष्टी पाहतात, हा अनुभव वारंवार येऊ लागला.

पुढच्या काळात रेडिओलॉजिस्टांनी ज्या शेकडो खुणांना नावे दिली, त्यांचा उगम या अडचणीत आहे. कोणा एकाच्या ध्यानात एखादी विशिष्ट रेषा, एखादा विशिष्ट बाक आला. तोच त्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या रुग्णात आढळला. शस्त्रक्रियेच्या अथवा शवविच्छेदनाच्या टेबलावर त्याची खातरजमा झाली. सावली तशीच का पडावी याची उपपत्ती त्याने लावली. आणि मग ती खूण त्याच्या नावाने किंवा एखाद्या प्राण्याच्या, फळाफुलाच्या, खाद्यपदार्थाच्या नावाने पुस्तकात जाऊन बसली. या पाच पायऱ्यांपैकी विद्यार्थी बहुधा शेवटचीच तेवढी पाठ करतात. माझ्या मते यातली चौथी पायरी, म्हणजे ती उपपत्ती, हाच त्या विद्येचा प्राण आहे, आणि ती ज्याला अवगत नाही त्याला खूण दिसूनही न दिसल्यासारखीच आहे. हा लेख लिहिण्याचे प्रयोजन एवढेच आहे.

या विद्येतले सर्वांत सुंदर उदाहरण, निदान मला तरी तसे वाटते, १९५० सालचे आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील बेंजामिन फेल्सन आणि हेन्री फेल्सन यांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध करून ‘सिल्हूट साइन’ हे नाव रूढ केले. मूळ कल्पना आपल्या आधीच्या डॉ. डनहॅम यांची, हे श्रेय फेल्सन यांनी प्रांजळपणे दिले आहे. ही खूण समजावयाची तर प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की क्ष-किरणांच्या दृष्टीने मनुष्यदेहात मुख्यतः चारच द्रव्ये आहेत: हवा, चरबी, पाणी आणि हाडातील कॅल्शियम. रक्त, स्नायू, पू, कर्करोगाची गाठ, न्यूमोनियाने घट्ट झालेले फुफ्फुस ही सारी त्यांच्या लेखी पाणीच. त्यांच्यात भेद करण्याचे सामर्थ्य त्या किरणांत जवळजवळ नाही. मग हृदयाची कडा फिल्मवर एवढी रेखीव दिसते ती कशामुळे? तर हृदय हे पाणी, त्याला लगटून असलेले फुफ्फुस ही हवा, आणि दोन भिन्न द्रव्ये जेथे एकमेकांना भिडतात तेथेच रेषा उमटते. त्या हवेच्या जागी पू भरला की पाण्याला पाणी भिडते, आणि वाटीतल्या दुधात सोडलेल्या ओल्या खोबऱ्याच्या कातळीची कड जशी हरवते तशी ती कडा पुसली जाते.

यातून निघणारे अनुमान मोठे चमत्कारिक आणि तितकेच उपयोगी आहे. फिल्म सपाट, तीत पुढचे व मागचे कळावयास मार्ग नाही. परंतु हृदय छातीच्या पुढच्या भागात असते, आणि उजव्या फुफ्फुसाचा मधला खंड त्याच्या उजव्या कडेला लागून असतो, तर खालचा खंड मागे, श्वासपटलावर टेकलेला असतो. सबब उजवीकडे खाली पांढरा डाग आहे आणि हृदयाची उजवी कडा पुसलेली आहे, तर रोग मधल्या खंडात. हृदयाची कडा शाबूत आहे पण श्वासपटलाची रेषा गेली आहे, तर रोग खालच्या खंडात. सपाट सावलीतून खोलीचे मोजमाप निघाले, आणि तेही डागाकडे पाहून नव्हे. शेजारची कोणती रेषा नाहीशी झाली एवढ्यावरून.

मुंबईच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात या विषयाच्या प्राध्यापिका दुपारच्या वेळी निवासी डॉक्टरांना फिल्म वाचावयास बसवितात. खोलीतले दिवे मालवलेले, दोन मॉनिटर लावलेले, आणि सहा-सात तरुण मुले-मुली खुर्च्या ओढून दाटीने बसलेली. पडद्यावर एका मध्यमवयीन गृहस्थाच्या छातीचा फोटो होता.

‘‘मॅडम, राइट लोअर झोनमध्ये ओपॅसिटी आहे,’’ एकाने सांगितले.

‘‘ती बाहेर बसलेल्या नातेवाइकांनाही दिसेल. डायफ्रॅम दिसतोय का?’’

‘‘दिसतोय, मॅडम. क्लिअर आहे.’’

‘‘आणि हार्टची उजवी बॉर्डर?’’

तो थोडा वेळ थांबला. ‘‘नाही दिसत.’’

‘‘मग कुठला लोब?’’

‘‘मिडल लोब.’’

‘‘कशावरून?’’

‘‘सिल्हूट साइन, मॅडम.’’

‘‘ते नाव झालं. मी कारण विचारलं.’’

त्याने कारण सांगितले, आणि ते बरोबर सांगितले. त्यावर बाईंनी काही न बोलता दुसरी फिल्म लावली. हीतही हृदयाची उजवी कडा पुसट होती आणि तिच्यालगत धूसर पांढरेपणा होता. मागून दोघांनी एकदम ‘मिडल लोब’ म्हटले. बाईंनी त्यांना हृदय सोडून बरगड्यांकडे पाहावयास सांगितले. पुढच्या बरगड्या नेहमीपेक्षा तीव्र उताराने खाली आलेल्या, मागच्या जवळजवळ आडव्या, आणि हृदय डावीकडे सरकलेले. हा मनुष्य निरोगी होता; त्याची छातीची मधली पट्टी जन्मतःच आत खचलेली होती, आणि त्या खोलगट जागेतील मऊ ऊतींची सावली हृदयाच्या कडेवर पडून तिने ती पुसली होती. अशा माणसाला न्यूमोनियाची औषधे दिली गेल्याचे दाखले दुर्मिळ नाहीत, असे त्या म्हणाल्या. कडा पाण्याला पाणी भिडल्यानेच पुसते हा सिद्धांत दोन्ही फिल्मना लागू होता. पाणी कोठले, एवढाच प्रश्न होता, आणि ज्यांनी केवळ नाव पाठ केले होते त्यांना तो प्रश्न सुचला नाही.

जे नाहीसे झाले आहे ते पाहणे हे या विद्येतले सर्वांत कठीण कौशल्य होय. कण्याच्या समोरून घेतलेल्या फिल्ममध्ये प्रत्येक मणक्यावर दोन बाजूंच्या दोन हाडी खांबांचे दोन लंबगोल दिसतात आणि मध्ये खाली कंटकाचा ठिपका. दोन डोळे आणि चोच, असे एक घुबडाचे तोंड तेथे तयार होते. कर्करोगाने मणक्याचा एका बाजूचा तो खांब खाऊन टाकला की घुबडाचा एक डोळा मिटतो, आणि ‘विंकिंग आउल’ या नावाने ती खूण जगभर शिकविली जाते. पाठदुखीची तक्रार घेऊन आलेल्या वृद्धाच्या पंधरा-वीस मणक्यांतला एकच डोळा मिटलेला असतो, आणि घाईने पाहणाऱ्याची नजर उरलेल्या उघड्या डोळ्यांवरूनच निघून जाते. पुढे सीटी स्कॅन आले तेव्हा असे आढळले की रोगाची सुरुवात बहुधा मणक्याच्या मुख्य पिंडात होते. मात्र तेथील नाश साध्या फिल्मवर दिसण्यापूर्वी हाडाचा बराच मोठा भाग जावा लागतो, आणि तो लहानसा खांब कडेला उभा असल्यामुळे त्याचा लोप आधी उघडकीस येतो. खूण पूर्वीचीच राहिली, तिचा अर्थ मात्र दुरुस्त झाला.

असेच केर्ली यांच्या रेषांचे. आयर्लंडमध्ये जन्मलेले आणि लंडनमध्ये नावारूपास आलेले पीटर केर्ली यांनी १९३३ मध्ये फुफ्फुसाच्या तळाशी, बाहेरच्या कडेला काटकोनात टेकलेल्या, एक-दोन सेंटिमीटर लांबीच्या बारीक आडव्या रेषांकडे लक्ष वेधले. त्या तुंबलेल्या लसीकावाहिन्या असाव्यात अशी त्यांची समजूत होती. फुफ्फुसाच्या लहान लहान खंडिकांमधील पडदे द्रवाने सुजल्यामुळे त्या दिसतात, हे पुढे ठरले. आपल्या देशात संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकसलेले रुग्ण पिढ्यानपिढ्या येत राहिले, आणि स्टेथोस्कोपने जे ऐकले त्याचा पाठपुरावा या चार-सहा केसाएवढ्या रेषांनी केला.

न्यूयॉर्कचे रॉस गोल्डन यांनी १९२५ मध्ये वर्णिलेली ‘एस’ची खूण तर मला एखाद्या उत्तम न्यायनिवाड्यासारखी वाटते. उजव्या फुफ्फुसाचा वरचा खंड आकसला की त्याच्या खालची आडवी भेग वर ओढली जाते व बाहेरच्या बाजूला अंतर्वक्र होते. आकसण्याचे कारण श्वासनलिकेत अडकलेला कफ असेल, तर भेग फुफ्फुसाच्या मुळापर्यंत तशीच वळते; परंतु मुळाशी गाठ बसलेली असेल, तर भेगेला तेथे वर जाता येत नाही, ती गाठीवरून फुगून खाली येते, आणि उलट्या ‘एस’चा आकार पुरा होतो. एकाच रेषेचा एक अर्धा भाग परिणाम सांगतो आणि दुसरा अर्धा भाग कारण.

सर्वच नावे अशी भरीव नाहीत. मेंदूच्या एमआरआयमध्ये कोठे हमिंगबर्ड पक्षी दिसतो, कोठे वाघाचा डोळा, कोठे पांडाचा चेहरा. कमरेच्या तिरप्या फिल्ममध्ये स्कॉटिश कुत्रे उभे राहते आणि त्याच्या गळ्यात पट्टा दिसला की मणक्याची कमान मोडलेली. जंतांच्या गाठीचे आवरण फुटून द्रवावर तरंगू लागले की ती कुमुदिनी. या नावांनी स्मरणाला मदत होते यात शंका नाही, आणि कित्येकदा परीक्षेत उत्तीर्णही होता येते. धोका असा, की आकार हुबेहूब जुळला की मनाचा तपास तेथेच संपतो.

क्षयरोगाच्या बाबतीत हा धोका आपल्याला विशेष आहे. सीटी स्कॅनवर फुफ्फुसात कळ्यांनी भरलेल्या डहाळीसारखा जो आकार दिसतो, त्याचे क्षयाशी असलेले नाते १९९३ मध्ये कोरियाच्या संशोधकांनी नीट मांडले. बारीक श्वासनलिका घट्ट द्रव्याने गच्च भरल्या की डहाळी, आणि त्यांच्या टोकाशी सुजलेल्या कळ्या. परंतु नलिका भरण्यास क्षयाचे जंतूच लागतात असे नाही. इतर जंतूंनीही त्या भरतात, आणि अन्न श्वासमार्गात गेल्यानेही भरतात. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश ज्या देशात आहेत, तेथे ती डहाळी पाहताच हात क्षयाच्या औषधांकडे जातो. बहुतेक वेळा तो बरोबर जातो. उलट दिशेची चूक आतड्यात होते. आतडे फिल्मवर उमटावे म्हणून रुग्णाला दिलेले बेरियम लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावर ठरत नाही, सुजलेला भाग ते झटकून टाकतो आणि अलीकडचे व पलीकडचे आतडे तेवढे भरलेले दिसते, ही १९११ सालची स्टीर्लिन यांची खूण. तेथेच बेरियमची दोऱ्याएवढी बारीक धार दिसते, ही १९३४ सालची कँटर यांची. पहिली क्षयाची म्हणून आणि दुसरी क्रोन्सच्या विकाराची म्हणून शिकविली जाते. प्रत्यक्षात दोन्ही रोग त्या सांध्याला सुजवितात, आखडतात, आणि दोन्ही दोन्ही चित्रे काढू शकतात. क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले आणि आत क्षय निघाला, तर तो भडकतो. म्हणून तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून केवळ दोऱ्यावर विसंबणे ही आपल्या रुग्णालयांत चैन ठरते.

विदर्भात आणि नंदुरबारच्या डोंगराळ भागात वेगळीच एक खूण डॉक्टरांच्या परिचयाची झालेली आहे. तिची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तीत उपपत्ती जितकी स्वच्छ आहे तितकी क्वचित कोठे आढळते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार भारतात आहे हे प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींच्या तपासणीत कळले; गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार येथील कित्येक घरांत तो पिढ्यान्पिढ्या मुलांचे सांधे दुखवीत होता. या रोगात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. मणक्याच्या वरच्या व खालच्या तबकडीचा मध्यभाग लांबून आलेल्या वाहिन्यांच्या टोकांवर जगतो, तर कडांना जवळच्या आखूड वाहिन्यांचे रक्त मिळते. लांबची वाट अडते, मध्यभागाची वाढ खुंटते, कडा मात्र वाढत राहतात; आणि बाजूने घेतलेल्या फिल्मवर प्रत्येक मणका इंग्रजी ‘एच’सारखा, मध्ये चौकोनी खळगा पडलेला दिसतो. हाड ठिसूळ झाल्याने जो खळगा पडतो तो गोलसर व गुळगुळीत असतो. हा पायरीसारखा तुटक. पाठ दुखते म्हणून आणलेल्या मुलाच्या फिल्मवर ती पायरी ज्याने ओळखली, तो कण्याकडून रक्ताकडे जातो, रक्ताच्या तपासणीकडून आईबापांच्या तपासणीकडे जातो, आणि पुढच्या अपत्याविषयीचा सल्ला देण्यापर्यंत पोहोचतो.

एवढे असूनही खुणा हुकतात, आणि त्या हुकण्याचा अभ्यास या शास्त्राने स्वतःच निष्ठुरपणे केलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत क्षयासाठी सामुदायिक फिल्म काढण्याची कोणती पद्धत सर्वोत्तम हे ठरविण्यासाठी एक तपास झाला. १९४७ साली त्याचे निष्कर्ष आले तेव्हा पद्धतींतील फरकापेक्षा वाचणाऱ्यांतील फरक मोठा निघाला, आणि एकाच वाचकाला तीच फिल्म पुन्हा दिली असता त्याचेही मत बदलले. हेन्री गार्लंड यांनी १९४९ मध्ये लिहिले की अनुभवी वाचकांकडूनही रोग असलेल्या फिल्मपैकी सुमारे तीस टक्के सुटतात. याउलट कुंडेल आणि नोडाइन यांनी १९७५ मध्ये छातीच्या फिल्म सेकंदाचा पाचवा हिस्सा एवढाच वेळ दाखविल्या, तरी तज्ज्ञांनी सुमारे सत्तर टक्के दोष ओळखले. म्हणजे सरावलेली नजर शोधण्याआधीच पुष्कळसे टिपते. आणि २०१३ मध्ये हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी फुफ्फुसाच्या सीटी चित्रमालिकेत काडेपेटीएवढे एक गोरिलाचे चित्र घालून चोवीस रेडिओलॉजिस्टांना गाठी मोजावयास सांगितल्या, तेव्हा त्यांतील वीस जणांना गोरिला दिसला नाही. त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदविल्या होत्या; न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर थेट त्याच्यावर पडून गेलेली होती. शोधावयाचे काय हे मनात पक्के असले की शोधावयाच्या नसलेल्या गोष्टीसाठी मनात जागा उरत नाही.

आता या कामात यंत्र उतरले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षय-चाळणीसाठी छातीची डिजिटल फिल्म संगणकाने वाचण्यास मान्यता दिली, आणि अशा प्रणाली तयार करणाऱ्यांत मुंबईची क्युअर एआय ही कंपनी आहे. जेथे रेडिओलॉजिस्टच नाही अशा तालुक्याच्या गावी, हातात मावणाऱ्या एक्स-रे यंत्राने काढलेली फिल्म काही क्षणांत एक आकडा घेऊन परत येते, आणि तो आकडा ठराविक मर्यादेपलीकडे गेला की त्या माणसाच्या बेडक्याची तपासणी होते. यात मला काहीही वावगे वाटत नाही. उलट ज्या बाईची फिल्म पूर्वी आठवडाभर कोणी वाचलीच नसती, तिची ती आज वाचली जाते, याचे मोल फार आहे. तेथे आकड्यानंतर दुसरी, अधिक निर्णायक तपासणी उभी आहे, आणि आकड्याला कारण विचारण्याची तशी गरज पडत नाही.

ज्या ठिकाणी ती पडते असे एक ठिकाण सांगतो. पोट फुटल्याची शंका असलेला रुग्ण मध्यरात्री येतो. उभे करून काढलेल्या फिल्मवर उजव्या श्वासपटलाखाली काळी हवा दिसते. आतड्याला भोक पडल्याची ही अव्वल दर्जाची खूण असून तिच्यावरून पोट उघडण्याचा निर्णय होतो. परंतु दिमित्रिओस खिलाइदिती यांनी १९१० मध्ये व्हिएन्नात तीन रुग्णांचे वर्णन करून दाखविले की काही माणसांचे मोठे आतडे यकृत आणि श्वासपटल यांच्या मध्ये शिरलेले असते, आणि त्यातली हवा अगदी तशीच दिसते. अशा माणसाचे पोट उघडले तर आत काहीच सापडत नाही. शल्यविशारद तेव्हा खुणेचे नाव विचारत नाही. ही हवा मोकळी आहे की आतड्यात आहे, आणि तुम्हाला तसे कशावरून वाटते, एवढेच त्याला हवे असते. त्यावर खालच्या खोलीतल्या निवासी डॉक्टरला असे सांगता येते की हवेच्या त्या पट्ट्यात आडव्या घड्या दिसत आहेत, त्या मोठ्या आतड्याच्या भिंतीच्या आहेत, मोकळ्या हवेत घड्या असत नाहीत. तरीही शंका असेल तर रुग्णाला दहा मिनिटे डाव्या कुशीवर निजवावे आणि आडव्या किरणाने आणखी एक फिल्म काढावी, मोकळी हवा असेल तर ती यकृताच्या बाहेरच्या कडेवर चढलेली दिसेल.